नागपूरच्या हवेत कॅरम: बोर्ड घेण्यापासून पहिल्या ब्रेकपर्यंत

कॅरम शिकायला निघालेला माणूस पहिली चूक दुकानातच करतो. बोर्ड हलका घेतो आणि स्ट्रायकर भारी. मग सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन वळली की स्वतःच्या बोटाला शिव्या घालतो. नागपुरात या चुकीची वसुली लवकर होते. मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी भट्टी, त्याच खोलीत दिवसरात्र कूलरची ओल आणि जूनच्या मध्यापासून पावसाळा, अशी तिहेरी परीक्षा इथे प्लायवूडला दरवर्षी द्यावी लागते. म्हणून दहा रुपयांतले आठ बोर्डावर घाला, एक सोंगट्यांवर आणि एक स्ट्रायकरवर. पावडरीला सुटे पैसे पुरतात.

मोबाइलवर कॅरम खेळून इकडे वळलेल्यांना आधीच सांगायला हवं. तिथे सोंगटी कुठे जाणार याची रेघ स्क्रीनवर दिसते, बोर्ड कायम सपाट असतो आणि जोर बोट मागे ओढून मोजता येतो. त्यातून कोनांची ओळख होते, एवढं खरं. पण खऱ्या बोर्डावर निम्मा खेळ जोराचा आहे, आणि तो हाताला शिकवावा लागतो. पहिले पंधरा दिवस आपण मोबाइलपेक्षा वाईट खेळतोय असं वाटेल. तसं सगळ्यांनाच वाटतं.

दुकानात काय बघायचं

सीताबर्डीच्या बाजारात किंवा घराजवळच्या खेळसाहित्याच्या दुकानात जाताना खिशात शिवणाचा दोन मीटर दोरा, शिंप्याची टेप आणि एक रुपयाचं नाणं ठेवा. ओळखीतल्या कुणाचा चांगला स्ट्रायकर मिळाला तर तोही. दुकानदार हसेल, हसू द्या.

मोठा बोर्ड म्हणजे खेळायची जागा २९ इंच बाय २९ इंच. आंतरराष्ट्रीय नियमांत हे माप ७३.५ ते ७४ सेंटिमीटर असं दिलेलं आहे. फ्रेम धरून बाहेरचं माप ३४-३५ इंचांवर जातं. म्हणजे स्कूटीवर मागे बसून धरून आणायचा विचार सोडा, वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो. ऑटो करा आणि आत बोर्ड उभा ठेवा. वीस आणि सव्वीस इंची बोर्ड लहान मुलांच्या वाढदिवसाला ठीक आहेत. त्यावर बसलेला हात मोठ्या बोर्डावर पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, कारण अंतर आणि जोर दोन्ही बदलतात.

आता जाडी. नियमानुसार प्लाय किमान ८ मिलिमीटर हवा, बाजारात मात्र ४ मिलिमीटरचेही बोर्ड ‘फुल साइज’ म्हणून विकले जातात. वरून बघून काही कळत नाही, कारण फ्रेमने कडा झाकलेली असते. बोर्ड उलटा करा, एका पॉकेटची जाळी बाजूला सारा आणि भोकाच्या आतली कापलेली कड बघा. तिथे प्लायचे थर मोजता येतात, टेप लावून जाडी घेता येते आणि थरांमध्ये पोकळी असेल तर तीही दिसते. दुसरी खूण म्हणजे मधोमध बोटाच्या पेराने ठोका. डफासारखा पोकळ आवाज आला तर तो बोर्ड स्ट्रायकरचा जोर स्वतःच खाणार. नागपूरसाठी १२ मिलिमीटर घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तो जड असतो, उचलताना कंबर बोलते, पण तीन ऋतूंत आकार धरून राहतो.

दोऱ्याची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. एका पॉकेटपासून समोरच्या तिरक्या पॉकेटपर्यंत दोरा प्लायला चिकटवून दोघांनी ताणून धरायचा. फ्रेमच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हे अंतर ४१ इंचांच्या आसपास भरतं. मग डोळा बोर्डाच्या पातळीला आणून मध्यावर बघायचं. दोरा आणि प्लाय यांच्यात केसाएवढी फट चालते. एक रुपयाचं नाणं सहज शिरलं तर बोर्ड खोलगट आहे, परत करा. उलट मध्यावर दोरा टेकतो पण टोकांना उचलला जातो, तर मध्ये फुगवटा आहे. तो खोलगटपेक्षा वाईट, कारण हळू सोडलेली प्रत्येक सोंगटी मध्यापासून पळते. दोन्ही तिरप्या आणि दोन्ही सरळ, अशा चारही दिशांनी दोरा लावा.

फ्रेम शिसम किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाची असावी. कोपऱ्यांतल्या जोडांवर नख फिरवा, नख अडकलं तर जोड सुटायला लागलाय. मग स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवर पाच वेगवेगळ्या जागी सरळ मारून बघा. आलेल्या रेषेतच परत यावा आणि आवाज सगळीकडे एकसारखा ‘टक’ यावा. एखाद्या जागी ‘थप’ असा मेलेला आवाज आला, तर तिथे फ्रेम आणि प्लाय यांच्यात फट आहे किंवा लांबी (पुट्टी) भरलीय. चारही बाजूंना हे करा. हा भाग कंटाळवाणा आहे, तरीही करा.

पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर हवा. स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर, म्हणजे स्ट्रायकर आत जाताना बाजूंना मिळून जेमतेम ३ मिलिमीटर मोकळीक राहते. तेवढीच हवी. मोठ्या पॉकेटचे बोर्ड नवख्याला खूश करतात. हाताला ढिलाईची सवय लागते, आणि दुसऱ्याच्या घरी खेळायला गेलं की एकही सोंगटी पडत नाही. शेवटी रेषांवरून बोट फिरवा. रंगाचा थर बोटाला जाणवला तर हळू स्ट्रायकर तिथे उडी मारणार.

सोंगट्या आणि स्ट्रायकर

एकूण १९ सोंगट्या: ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ राणी. आपल्याकडे बरेच जण त्यांना गोट्याच म्हणतात. व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ०.७० ते ०.९० सेंटिमीटर आणि वजन प्रत्येकी ५ ते ५.५ ग्रॅम. एकेक तोलत बसायची गरज नाही. घरच्या वजनकाट्यावर सगळ्या १९ एकदम ठेवा, ९५ ते १०५ ग्रॅमच्या मध्ये आल्या की झालं. मग नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्यांच्या दोन चळती शेजारी उभ्या करा. दोन्हींची उंची सारखी दिसली पाहिजे. काउंटरच्या काचेवर एकेक ठेवून कडेला दाबा, डुगडुगली तर ती वाकडी आहे. हा प्रकार लाकडी सोंगट्यांत जास्त असतो.

स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नसावा, आणि धातूचा तर चालतच नाही. आत चकाकी, फुलं, स्वतःचं नाव, हे सगळं शोभेचं. काचेवर डुगडुगत नाही, कड गुळगुळीत आहे आणि बोटाला न घसरता धरता येतो, एवढंच बघा. एकदा घेतला की वर्षभर तोच वापरा. दर महिन्याला स्ट्रायकर बदलणाऱ्याचा जोर कधीच बसत नाही.

खरेदी कधी करायची याचंही गणित आहे. ऑगस्टमध्ये घेतलेल्या बोर्डाचं लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं. एप्रिलमध्ये ते आकसतं आणि फ्रेमचे जोड तोंड उघडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. आणल्यावर आठ दिवस त्याच खोलीत उभा ठेवून हवेची सवय होऊ द्या.

तळाला वॉर्निश

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. प्लायची वरची बाजू पॉलिश केलेली असते, खालची बहुतेक वेळा कोरी. ओल कोऱ्या बाजूने आत शिरते, तेवढीच बाजू फुगते आणि बोर्ड वाकतो. उपाय स्वस्त आहे. बोर्ड सपाट आणि कोरडा असताना, पाऊस नसलेल्या दिवसांत, उलटा करून तळाला पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. मध्ये २४ तास वाळू द्या. २०० मिलीचा डबा पुरून उरतो. पॉकेटच्या भोकांच्या कापलेल्या कडांनाही छोट्या ब्रशने हात फिरवा, थर सगळ्यांत जास्त ओल तिथूनच पितात. वरच्या बाजूला मात्र स्वतः काहीही लावू नका. ना वॉर्निश, ना मेण, ना खोबरेल.

तळाला आडव्या पट्ट्या नसतील तर सुताराकडून बसवून घेता येतात. स्क्रूची लांबी मात्र तुम्ही स्वतः मोजा. ८ मिलिमीटरचा प्लाय आणि २५ मिलिमीटरची पट्टी मिळून ३३ मिलिमीटर होतात. ३५ चा स्क्रू मारला की त्याचं टोक वरून डोकावतं, आणि तो बोर्ड पुन्हा कधी पहिल्यासारखा होत नाही.

बोर्ड मांडणं

जमिनीवर मांडी घालून खेळायचं की स्टँडवर, हा वाद घराघरांत आहे. शिकायचं असेल तर स्टँड घ्या. नियमात स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर आहे, समोर साधी खुर्ची. मांडी घालून बसलं की खांदा वर चढतो आणि कोपर बाहेर पडतं. एका स्टुलावर, पाण्याच्या ड्रमवर किंवा सुटकेसवर ठेवलेला बोर्ड कोपऱ्यावर हात टेकला की हलतो. आधार मध्यावर नको, फ्रेमच्या चारही कोपऱ्यांखाली हवा.

मग पाणसळ. घरांच्या फरशीला बाल्कनीकडे किंवा मोरीकडे थोडा उतार असतोच. गवंड्याची पाणसळ फ्रेमवर नाही, प्लायवर ठेवा, आडवी आणि उभी. ती नसेल तर काचेची गोटी मध्यभागी हलकेच सोडा. ती कुठे निघते ते पाहून त्या बाजूच्या पायाखाली जुन्या पत्त्यांचे तुकडे सारा. वही-पुठ्ठ्यापेक्षा पत्ता बरा, दाबला जात नाही. गोटी चारदा सोडून चारदा जागेवर थांबली की पायांच्या जागा फरशीवर खडूने आखून ठेवा.

दिवा बोर्डाच्या मध्यावर टांगलेला आणि वर झाकण असलेला हवा, म्हणजे उजेड बोर्डावर पडतो, डोळ्यांत नाही. पूर्वी ६० ते १०० वॅटचा बल्ब लावत, आता तेवढ्याच उजेडाचा एलईडी पुरतो. छताची ट्यूबलाइट पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली बोर्डावर फिरत राहते आणि डोकं दुखतं.

कूलर

नागपूरच्या कॅरमचा खरा शत्रू हाच. कूलर हवेत पाणी सोडून गार करतो. खिडकी बंद असेल तर ते पाणी खोलीतच साठतं, आणि बोर्डावरची पावडर ती ओल धरते. तळहात बोर्डावर फिरवला की कोरड्या बोर्डावर तो सुळकन जातो, कूलरच्या खोलीत किंचित अडखळतो. स्ट्रायकर निम्म्या वाटेत दमतो, सोंगट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या फुटतात. मग खेळणारा अजून पावडर टाकतो. ती ओली होऊन आणखी गोळे होतात.

करायचं ते असं. खेळायला बसायच्या अर्धा तास आधी कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि समोरची खिडकी उघडा. मेच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या गवताच्या ताट्या सुकल्या की खोलीही लगेच सुकते. गरम होईल, मान्य आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा रात्री जेवणं झाल्यावर बसणारे शहाणे. कूलरचा झोत थेट बोर्डावर येईल अशी मांडणी तर कधीच नको. पंप बंद असला तरी झोत पावडर एका बाजूला ढकलतो. नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस बोर्ड गुंडाळून ठेवलात तरी काही बिघडत नाही.

ठेवायचा कसा? अगदी उभा, आतल्या भिंतीला, जाड सुती चादरीत. पश्चिमेच्या किंवा ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला नको. तिरका टेकवून महिनाभर ठेवलेला बोर्ड स्वतःच्या वजनाने वाकतो. पलंगाखाली आडवा ठेवायचा तर चारही कोपऱ्यांना आधार द्या आणि वर बॅगा रचू नका. वाकलाच, आणि मध्यभागी खोलगट असेल, तर कोरड्या दिवसांत उलटा ठेवून मध्यावर जाड पुस्तकांचा भार आठ-दहा दिवस ठेवून बघा. मिलिमीटरभर खोली कधीकधी निघते. त्याहून जास्त असेल तर नवा बोर्डच घ्यावा लागतो.

पावडर

औषधाच्या दुकानात मिळणारी बोरिक पावडर किंवा खेळसाहित्याच्या दुकानातली कॅरमची पावडर वापरा. बोरिक पोटात गेली तर घातक आहे. रांगत्या मुलांच्या घरात डबा वर ठेवा आणि खेळून झालं की हात धुतल्याशिवाय चिवड्याला हात लावू नका. सुगंधी टाल्कम पहिल्या दिवशी छान चालते, नंतर चिकट थर धरते. मैदा आणि कॉर्नफ्लोअरला मुंग्या येतात. रांगोळी वापरणारेही आहेत. ती दगडाची भुकटी आहे, पॉलिशवर ओरखडे काढते.

पूर्ण बोर्डाला अर्धा चहाचा चमचा पुष्कळ झाला. जुन्या मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि ती बोर्डावर हलके आपटत फिरवा, म्हणजे गोळे फडक्यातच राहतात. मग कोरड्या सुती कापडाने गोल गोल पसरवा. बोर्ड पांढरा दिसत असेल तर पावडर जास्त झाली, अशा वेळी सोंगटी पुढे ढीग लोटत जाते आणि वाट सोडते. दोन-तीन बोर्ड, म्हणजे डाव, झाले की पुसून पुन्हा थोडी. ओलं फडकं कधीही नको. पावसाळ्यात पुरचुंडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी ताटात पसरून वाळवा.

बोर्ड तयार झाला की नाही याची नियमातलीच कसोटी आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर बेसलाइनवरून (आपल्या बाजूच्या ज्या दोन समांतर रेषांवर तो ठेवतात तिथून) पूर्ण जोराने मारला तर समोरची फ्रेम आणि बेसलाइन यांच्यात किमान साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. नवख्याच्या बोटात तेवढा जोर नसतो, म्हणून ही चाचणी आधीपासून खेळणाऱ्या कुणाकडून करून घ्या.

हात बसवणं

तळवा खाली, मधल्या तीन बोटांपैकी जी मोकळी असतील त्यांची टोकं बोर्डावर हलकी टेकलेली. अंगठ्याने तर्जनीचं टोक अडवा आणि नख स्ट्रायकरच्या मागे इतकं जवळ आणा की मध्ये कागद सरकेल एवढीच जागा उरेल. मग सोडा. सगळं मर्म या कागदाएवढ्या अंतरात आहे. नख दुखतंय अशी तक्रार असते तेव्हा बोट लांबून येऊन आदळत असतं. स्ट्रायकर ठोकायचा नसतो, ढकलायचा असतो. तो उजवीकडे-डावीकडे जातो तेव्हा नख मध्याच्या मागे नसतं. तो उडतो तेव्हा बोट खालून वर जात असतं. तर्जनी मधल्या बोटात अडकवून मारायची कैची जोराला चांगली, पण ती दोन महिन्यांनी.

पहिला आठवडा सोंगट्या डब्यातच राहू द्या. रोज वीस मिनिटं फक्त स्ट्रायकर. बेसलाइनच्या मध्यावरून सरळ समोर मारा, परत येऊन तो दोन्ही बेसलाइनच्या पट्ट्यातच यायला हवा. मग तीन जोर बसवा. पहिल्यात समोरच्या फ्रेमला जेमतेम लागून थांबेल, दुसऱ्यात परत येऊन तुमच्या रेषेवर थांबेल, तिसऱ्यात पुन्हा समोर पोचेल. प्रत्येकी वीस वेळा. दुसरा जोर सगळ्यांत जास्त कामाचा, रोजच्या खेळात बहुतेक फटके त्यातच बसतात. नवखा मात्र कायम तिसरा मारतो, त्यामुळे चुकलेली सोंगटी पॉकेटजवळ न राहता बोर्डभर फिरते.

दुसऱ्या आठवड्यात सरळ रेषेतल्या सोंगट्या, मग कट, म्हणजे सोंगटीला तिरकं लागून तिला पॉकेटकडे वळवणं. कटसाठी हे माप लक्षात ठेवा. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी रेघ मनात मागे वाढवा. सोंगटीच्या मध्यापासून मागे त्या रेघेवर ३.६ सेंटिमीटरवर जो बिंदू येतो, तिथे टक्कर होताना स्ट्रायकरचा मध्य पोचला पाहिजे. हे अंतर म्हणजे दोघांच्या त्रिज्यांची बेरीज. सरावात दुसरा एखादा जुना स्ट्रायकर खरोखर त्या जागी सोंगटीला चिकटवून ठेवा, बेसलाइनवरून त्याच्याकडे बघा, मग तो उचलून त्याच जागेवर नेम धरा. आठवडाभरात डोळा ती जागा आपोआप बघायला लागतो. सोंगटीच्या कडेवर नेम धरणारे कायम जाड मारतात, म्हणजे स्ट्रायकर हवा त्यापेक्षा सोंगटीच्या मध्याकडे लागतो.

आपल्या बेसलाइनच्या मागे अडकलेल्या सोंगटीसाठी समोरच्या फ्रेमवरून स्ट्रायकर परत आणावा लागतो. आरशासारखा, जितक्या कोनात गेला तितक्याच कोनात परत, हा ढोबळ हिशेब. प्रत्यक्षात जोरात मारलेला फटका थोडा आखडून परततो, म्हणून असे फटके मध्यम जोरानेच शिका. अंगठ्याने मारणं घरी काही जण ‘चीटिंग’ ठरवतात. आंतरराष्ट्रीय नियमांत अंगठा चालतो.

पहिला ब्रेक

राणी मध्यभागी. तिच्याभोवती सहा सोंगट्या, एक पांढरी एक काळी अशा. त्याबाहेर बारा. आतल्या प्रत्येक सोंगटीच्या बरोबर मागे, मग ती काळी असो की पांढरी, एकेक पांढरी ठेवा आणि मधल्या सहा फटींत काळ्या बसवा. नीट रचलं तर राणीपासून तीन दिशांना दोन-दोन पांढऱ्यांचे हात निघतात, गलोलीच्या बेचकीसारखे. हा सगळा पॅक (रचलेल्या सोंगट्या) १७ सेंटिमीटरच्या मोठ्या वर्तुळात आरामात मावतो, कारण आडव्या पाच सोंगट्यांची बेरीज १६ सेंटिमीटरच्या आतच भरते. दोन्ही हातांच्या बोटांनी चहूकडून दाबून फटी काढा. फट राहिली तर ब्रेकचा जोर तिथेच मरतो.

पांढऱ्यावाला ब्रेक करतो, म्हणजे पॅक फोडणारा पहिला फटका मारतो. स्ट्रायकर पॅकला नुसता घासला तरी ब्रेक झाला असं धरतात. लागलाच नाही तर एकूण तीन संधी मिळतात. पहिल्या महिन्यात ब्रेकमध्ये सोंगटी पडेल ही आशा धरू नका, पॅक मोकळा झाला तरी भागलं.

नियम, लागतील तेवढेच

स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनना टेकलेला हवा. टोकाच्या लाल गोलावर ठेवलात तर गोल पूर्ण झाका, नाहीतर त्याला शिवू नका. अर्धवट चालत नाही. एक फटका १५ सेकंदांत.

आपली सोंगटी पडली की पुन्हा आपली पाळी. प्रतिस्पर्ध्याची पडली तर ती आतच राहते आणि पाळी जाते. स्ट्रायकर पडला तर आधी घातलेली आपली एक सोंगटी ड्यू म्हणून बाहेर येते आणि पाळी जाते. ती सोंगटी वर्तुळात कुठे ठेवायची हे प्रतिस्पर्धी ठरवतो. स्ट्रायकरसोबत आपली सोंगटीही पडली तर ती आणि ड्यूची, दोन्ही बाहेर, पण पाळी तुमचीच राहते. घरगुती खेळात याच ठिकाणी सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून बसायच्या आधीच बोलून घ्या.

आपली किमान एक सोंगटी घातल्यावरच राणी घ्यायची, आणि त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यायचं. नाही दिलं तर राणी परत मध्यावर. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी घातली तर बोर्ड हरलात.

गुण मोजताना घरात काळी १०, पांढरी २०, राणी ५० असा हिशेब चालतो, मुलांसाठी छान आहे. स्पर्धेत तसं नाही. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण, आणि राणी त्याने कव्हर केली असेल तर आणखी ३. समोरच्याच्या पाच काळ्या उरल्या आणि राणी तुमची, तर ८. राणी समोरच्याने घेतली असली तर ५ च, त्यालाही तिचे गुण मिळत नाहीत. २५ गुण किंवा आठ बोर्ड, जे आधी होईल, तिथे गेम संपतो. २२ गुणांवर पोचलात की राणीचे ३ मिळत नाहीत. मग राणीच्या मागे धावायचं फक्त समोरच्याचे ३ अडवायला, आणि नवखे नेमकं हे विसरून आठव्या बोर्डात राणीसाठी सोपी सोंगटी सोडतात.

घराबाहेर

राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, त्यामुळे इथल्या खेळाडूला निवडीची वाट विदर्भातूनच जाते. नवख्याने मात्र सुरुवात गणेशोत्सवातल्या मंडळाच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धेपासून करावी. स्वतःचा स्ट्रायकर न्या, छोटं सुती फडकं न्या. बोर्ड दुसऱ्याचा, हवा भाद्रपदातली, पावडर कुणी किती टाकलीय ठाऊक नाही. म्हणून सरावाचे फटके मिळाले तर सोंगटी घालायच्या मागे न लागता मधल्या जोराचे दोन सरळ फटके मारा. तुमच्या घरी रेषेवर थांबणारा स्ट्रायकर तिथे बोटभर अलीकडे थांबला तर सगळे फटके तेवढेच वाढवा. खुर्ची ब्रेकच्या आधी हवी तशी लावून घ्या, ब्रेक झाल्यावर ती सरकवता येत नाही. अंग फ्रेमला लागू देऊ नका. घरी वर्षभर फ्रेमवर पोट टेकवून खेळलेल्यांचा पहिला फाउल यातच जातो.